पद्मिनीचं पॅकिंग

गाडीच्या इंजिनाला चक्क गोंद लावतात, माहीत आहे? निदान मेकॅनिक मंडळी तरी सर्रास लावतात. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मध्ये गॅस्केट बसते. गॅरेजमध्ये तिला सरळ ‘पॅकिंग’ म्हणतात. आणि त्या पॅकिंगला काय लावायचं, यावर आमच्या वसईच्या घरात गेल्या पावसाळ्यात रीतसर भांडणं झाली.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९८६चं मॉडेल, गिअर स्टिअरिंगला. तिचं ऑइल इतकं गळायला लागलं की सोसायटीची चिठ्ठी आली: गळती थांबवा, नाहीतर गाडी आवारातून हलवा. हलवून ठेवणार कुठे? रस्त्यावर, आणि मग भंगारात. कुर्ल्याला बनणारी ही गाडी बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे काही तुटलं तर शोरूममध्ये जाऊन मागायची सोय नाही.

गोखिवऱ्याच्या बाजूला एका गॅरेजमध्ये उत्तर तयारच होतं. सिलिकॉनची ट्यूब. टॅपेट कव्हरला तीच, चेंबरला तीच, वॉटर पंपाला तीच आणि कार्ब्युरेटरलाही तीच! बाबा गाडी घेऊन तसेच परतले. मग सापडले ते आयुष्यभर काळी-पिवळी टॅक्सी दुरुस्त केलेले एक मिस्त्री. त्यांनी ट्यूब वगैरे बाजूला ठेवली आणि आधी ब्रीदरचा पाइप काढून बघितला. तो तुंबला की इंजिनाच्या आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. मग तुम्ही कुठलाही गोंद लावा, उपयोग शून्य. आमचा पाइप काळ्या चिखलाने अर्धा भरलेला होता.

मग टॅपेट कव्हर. पत्र्याचं झाकण, खाली कॉर्कचं पॅकिंग. गळती दिसली की जो तो नट आवळतो. त्याने कॉर्क दबतो आणि पत्र्याची कड नटांपाशी वाकते. मिस्त्रींनी झाकण काचेवर उलटं ठेवून फट दाखवली आणि लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडीने हलकेच कड सरळ केली. खरं काम हेच होतं. नंतर नवा कॉर्क, झाकणाच्या बाजूने चिकटपट्टीएवढा पातळ थर, इंजिनाच्या बाजूने फक्त ग्रीस. कारण टॅपेट सेट करायला हे झाकण पुन्हा पुन्हा काढावं लागतं. दोन्हीकडून चिकटवलंत तर दर वेळी कॉर्क फाडूनच काढायचा.

सिलिकॉन वाईट नाही हो, फक्त त्याची जागा वेगळी. ते हवेतल्या दमटपणावर सुकतं, म्हणजे वसईच्या जुलैत जरा भरभरच. कॉर्कखाली भरपूर लावलं तर आवळताना कॉर्क साबणासारखा घसरतो. आत गेलेला जादा भाग सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतो, आणि ऑइल पोचलं नाही की इंजिन संपलं. पेट्रोलमध्ये तर सिलिकॉन फुगतं. कार्ब्युरेटरला ते लावणार होते, आठवतंय ना?

जुन्या लोकांचा फंडा म्हणजे शेलॅक. लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कागदी पॅकिंगला, ऑइलच्या जागी, अजूनही झकास. पण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल म्हणजे स्पिरिटच की! लाख त्यात विरघळते. म्हणून पेट्रोल पंप आणि कार्ब्युरेटरला शेलॅकही नाही. कागद नवा, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ, गोंद शून्य.

मला सगळ्यात आवडलं ते वॉटर पंपाच्या कागदाला लावलेलं निळं हायलोमार. रोल्स-रॉइसच्या विमानांच्या इंजिनांसाठी बनवलेलं हे रसायन कधी कडक होतच नाही. पाच वर्षांनी उघडा, पॅकिंग अलगद सुटेल, छिन्नी घालून ॲल्युमिनियम खरवडायला नको. सुट्या भागांची बोंब असलेल्या गाडीला हेच परवडतं. हेड गॅस्केट उघडायची वेळ आली नाही, पण विचारून ठेवलं. तिथे काहीही लावायचं नाही. नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने.

सोसायटीचे सेक्रेटरी पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन खाली वाकले. एखाद-दुसरा थेंब होता. चालेल म्हणाले. चिठ्ठी मागे घेतली.

कार्ब्युरेटरचं पॅकिंग दुकानात मिळालंच नव्हतं. मिस्त्रींनी जुनं शीटवर ठेवून पेन्सिलने आखलं आणि कात्रीने कापलं. उरलेली शीट गुंडाळून त्यांनी डिकीत टाकली. अजून तीन पॅकिंगं निघतील, म्हणाले.