गुडघ्याची ‘वाटी बदलतात’ म्हणजे नक्की काय बदलतात?

परळच्या दवाखान्यात आठवड्यातून चार-पाच जण तरी हेच वाक्य घेऊन येतात, “डॉक्टर, मला वाटी बदलायला सांगितलीय.” हा शब्द लालबाग-परळमध्ये इतका रुळलाय की आता मीही तोच वापरतो. पण वाटी म्हणजे गुडघ्यावर पुढून हाताला लागतं ते चपटं हाड, आणि ऑपरेशनमध्ये ते बहुधा जागच्या जागी राहतं. काही वेळा त्याच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची एक गोल चकती बसवतात, एवढंच. खरं बदलतात ते मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे झिजलेले पृष्ठभाग. म्हणजे झिजलेल्या दातावर कॅप बसवावी तसं. अख्खा गुडघा कापून नवा जोडत नाहीत.

हे नीट समजलं तर ऑपरेशननंतर काय जमेल आणि काय नाही, हेही समजतं. त्यासाठी आधी आपला मूळचा गुडघा बघू.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, असं बहुतेकांना वाटतं. आत्ता खुर्चीत बसला असाल तर करून बघा. गुडघा काटकोनात ठेवा आणि पाऊल आत-बाहेर वळवा. मांडी न हलता नडगी फिरते ना? आता पाय पूर्ण सरळ करा आणि पुन्हा वळवा. या वेळी अख्खा पाय खुब्यापासून फिरतो, गुडघ्यात काही फिरत नाही. पाय सरळ होताना शेवटच्या थोड्या अंशांत नडगी किंचित बाहेर वळते आणि सांध्याला जणू कडी लागते. म्हणून मांडीच्या स्नायूंना फार कष्ट न देता आपण लोकलमध्ये दादरपासून कल्याणपर्यंत उभे राहू शकतो. बसायची वेळ आली की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ही कडी काढतो.

दुसरी गंमत वाकण्याची. मांडीच्या हाडाची खालची टोकं दोन चाकांसारखी असतात. गुडघा वाकताना ही चाकं घरंगळतात आणि त्याच वेळी घसरतातही. नुसती घरंगळली असती तर नडगीच्या मागून खाली पडली असती, आणि नुसती घसरली असती तर हाडाला हाड अडून गुडघा लवकरच थांबला असता. त्यातही आतलं चाक जवळजवळ जागेवर राहतं आणि बाहेरचं बरंच मागे सरकतं. उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, ती या सरकण्या-वळण्यामुळे. हे सगळं सांभाळतात आतले दोन अस्थिबंध. ते एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात.

कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडावर धातूचं आवरण, नडगीवर धातूची थाळी आणि मध्ये टणक प्लास्टिकचा तुकडा असतो. फुलीतला पुढचा अस्थिबंध बहुतेक सांध्यांमध्ये काढावा लागतो. मागचा एकतर ठेवतात, नाहीतर त्याचं काम प्लास्टिकवरच्या एका खुंटीला देतात. गुडघा वाकला की धातूचा आडवा दांडा या खुंटीला अडतो आणि मांडीचं हाड मागे ढकललं जातं. चालताना कधीकधी ‘टक’ असा आवाज येतो तो बहुधा धातू-प्लास्टिकचाच. दुखत नसेल, सूज नसेल तर त्याला घाबरू नका.

वाजपेयी पंतप्रधान असताना ब्रीच कँडीमध्ये त्यांचा एक गुडघा ऑक्टोबर 2000 मध्ये आणि दुसरा जून 2001 मध्ये बदलला, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शस्त्रक्रिया केली न्यूयॉर्कच्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी. 1970 च्या दशकात आजच्या सांध्यांचा पाया घालणारी ‘टोटल कॉन्डायलर’ रचना तयार झाली, त्यात त्यांचाही वाटा होता. या ऑपरेशनचं नाव आपल्याकडे घरोघरी झालं ते तेव्हापासून. पण पंतप्रधानांच्या घरी चाळीचा जिना आणि उकिडवं बसायचा संडास नव्हता.

आता आकडे बघा. सपाट चालायला गुडघा साधारण 65 अंश वाकावा लागतो. जिन्याला 90 ते 100, खुर्चीतून उठायला जवळपास तेवढाच. उकिडवं बसायला 130 च्या पुढे. बदललेला गुडघा बहुतेकांचा 110 ते 120 पर्यंत वाकतो. पहिली तीन कामं छान होतात, चौथं होत नाही.

मध्यंतरी लालबागच्या एका मावशी आल्या होत्या. चाळीत तिसरा मजला, संडास सामायिक, गुडघा जेमतेम 85 अंश वाकत होता. त्यांचा प्रश्न एकच, “गौरी बसतात तेव्हा मला खाली बसून ओवसा भरता येईल ना?” मी म्हटलं, “मावशी, दुखणं जाईल, जिना जमेल. पण खाली बसायचं सोडून द्या.” त्या गप्प झाल्या. मग मुलाला म्हणाल्या, “मग कशाला खर्च करायचा?” मला तो प्रश्न चुकीचा वाटला नाही. ऑपरेशनआधी गुडघा जेवढा वाकतो त्यावर नंतरचं वाकणं बरंच अवलंबून असतं. पूर्ण आखडेपर्यंत थांबू नका म्हणतो ते त्यासाठीच. पुढच्या वेळी त्या स्वतःच म्हणाल्या, “पाट नाही तर स्टूल घेईन.” ऑपरेशन ठरलं, पण आधी मुलाने चाळ कमिटीकडून संडासात कमोड बसवायची परवानगी मिळवली. आमच्या कामापेक्षा ते जास्त कठीण होतं.

‘जास्त वाकणारा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्याबद्दलही विचारणा होते. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने किमतींना मर्यादा घातली तेव्हा साधा कोबाल्ट-क्रोमचा सांधा 54,720 रुपये आणि हा ‘हाय-फ्लेक्स’ 56,490 रुपये होता, कर वेगळा. वाकण्यात दोन्हींमध्ये जाणवण्यासारखा फरक अभ्यासांत दिसलेला नाही. कंपनीच्या नावापेक्षा सर्जनचा हात आणि पहिल्या सहा आठवड्यांचा व्यायाम जास्त महत्त्वाचा, असं माझं मत आहे.

जिन्याचं एक लक्षात ठेवा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, कारण दोन्ही वेळा शरीराचं वजन पेलायचं कष्टाचं काम वरच्या पायरीवरचा पाय करतो.

आणि दाखवायला याल तेव्हा उभं राहून काढलेल्या एक्स-रेबरोबर मोबाइलमध्ये तुमच्या घराच्या जिन्याचा, संडासाचा आणि झोपायच्या जागेचा फोटो घेऊन या.