ओलसर रॉड

सांगलीत आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. वेल्डिंगचे रॉड विकण्यात माझी 30 वर्षे गेली. बारा गेजचा रॉड पातळ कामाला, दहा गेजचा गेट-ग्रिलला, आठ गेजचा जाड पट्टीला, हे मी झोपेतही सांगितले असते. तो रॉड पेटल्यावर पुढे काय होते, हे मात्र वयाच्या 52व्या वर्षापर्यंत मला ठाऊक नव्हते.

मुलगा दुकान पाहू लागला आणि दुपारी मोकळ्या मिळू लागल्या. समवयस्क मंडळी तीर्थयात्रांच्या बेतात रमली. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिलो. "शेट, उधारीसाठी स्वतः आलात?" म्हणत मिस्त्रींनी घाईघाईने खुर्ची पुढे केली. मी शिकायला आलो आहे, हे त्यांना पटायला आठवडा गेला.

पहिले काही दिवस माझा रॉड लोखंडाला नुसता चिकटत असे. काडेपेटीची काडी ओढावी तसा तो ओढायचा आणि लगेच किंचित उचलायचा. रॉडच्या जाडीएवढेच अंतर राखायचे. त्याहून कमी झाले की तो चिकटतो, जास्त झाले की ठिणगी तुटते. शिवाय रॉड वितळून आखूड होत जातो, म्हणून हात पुढे सरकत असतानाच खालीही उतरत राहावा लागतो. काळ्या काचेतून ठिणगी नव्हे, तिच्यामागचा वितळलेल्या लोखंडाचा इवलासा डोह पाहायचा. सुमारे 1500 अंशांवर वितळणारे ते लोखंड काचेमागून मधाच्या थेंबासारखे दिसते. थंड झाल्यावर वरची खपली हातोडीने उडवायची आणि खाली काय निघते ते पाहायचे. माझ्या जोडांतून बरेच दिवस शेवयांचे गुंतवळे निघत होते.

एकदा मुखवटा खाली ओढण्याआधीच ठिणगी पडली, आणि असे त्या दुपारी तीन-चार वेळा झाले. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटू लागले. मिस्त्री फोनवर म्हणाले, "काही नाही शेट, बटाट्याच्या चकत्या ठेवा." आमच्या घरात कंदमुळे येत नाहीत! सौभाग्यवतींनी काकडीच्या चकत्या ठेवल्या आणि सकाळी मुकाट्याने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

त्याच रात्री आईने विचारले, "धंद्यासाठी असतं तर मी बोलले नसते. हौसेसाठी अग्नी कशाला रे?"

प्रश्न साधा नव्हता. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात निष्प्रयोजन अग्नी चेतवणे हे अनर्थदंडातच गणले आहे. आई तो ग्रंथ दर चातुर्मासात वाचते. मी आदिनाथांचा आधार घेतला. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात त्यांनी प्रजेला असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे सांगितली. आपण मषि आणि वाणिज्य धरून बसलो, शिल्प दुसऱ्यांवर सोडले, असे मी म्हणालो. आई म्हणाली, "शिल्प पोटासाठी सांगितलंय, वेळ जावा म्हणून नाही." त्यावर मला उत्तर सुचले नाही, आजही पुरते सुचलेले नाही. मी दोन नियम मात्र घेतले. सूर्यास्तानंतर ठिणगी पाडायची नाही, कारण अंधारात त्या प्रकाशावर किडे झेपावतात, हे मी शेडमध्ये डोळ्यांनी पाहिले होते. आणि चातुर्मासात हे काम बंद.

आईच्या गाळलेल्या पाण्याच्या घागरीसाठी तिवई करायला घेतली. पहिली चार पायांची केली, ती डुगडुगली. एका बाजूचा जोड पूर्ण करून मग दुसरी बाजू घेतली, की निवताना लोखंड आखडते आणि सगळा सांगाडा आपल्याकडे ओढून घेते. म्हणून आधी सगळीकडे नुसते टाके घालायचे असतात. मिस्त्रींनी पाय तीनच ठेवायला सांगितले. तीन पायांची वस्तू कशाही जमिनीवर डुगडुगत नाही. ते काम अर्धे झाले आणि आषाढ लागला.

कार्तिकी पौर्णिमेनंतर मी तोच उघडा पुडा घेऊन बसलो. चार महिने पावसाळी हवेत पडून असलेले ते रॉड तडतडू लागले, चहूकडे शिंतोडे उडाले, आणि खपली काढली तर जोडात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रेच छिद्रे. मिस्त्रींनी एक नजर टाकली. "रॉड दमट आहे, शेट. वरच्या लेपात पाणी शिरलं. यात तुमच्या हाताचा दोष नाही."

हे शब्द ऐकताच मला एक जुना श्रावण आठवला. नवीनच धंदा सुरू केलेला एक तरुण तीन पुडे परत घेऊन दुकानात आला होता. जोड धरत नाहीत, रॉड ओलसर आहेत, असे तो सांगत होता. दुकानाच्या मागच्या भिंतीला ओल होती आणि पुडे तिथेच रचलेले असत. मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो होतो, "आधी हात बसू द्या, मग रॉडला नावं ठेवा." तो पुडे तिथेच ठेवून निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. पुडे मी दुसऱ्याला विकले.

दरवर्षी क्षमावाणीला माझ्या फोनवरून शेकडो जणांना हात जोडलेले चित्र जाते. त्यांतल्या बहुतेकांचे मी काही बिघडवलेले नसते. या माणसाचे नाव त्या यादीत कधीच नव्हते. पुढच्या क्षमावाणीला दहा महिने होते. तोवर थांबणे मला लबाडीचे वाटले.

मिस्त्रींकडून पत्ता घेऊन गेलो. आता त्याची मोठी शेड आहे, हाताखाली सहा माणसे आहेत. त्याने ओळखले, पण बसा म्हटले नाही. मी आलो त्याचे कारण सांगितले. तो बराच वेळ हातातली पट्टी पाहत राहिला. "शाळेचं गेट होतं ते," तो म्हणाला. "बिजागरी सुटली. कोणाला लागलं नाही, नशीब. परत सगळं माझ्या पैशानं केलं." मी पुड्यांचे आणि गेटचे पैसे विचारले. पैसे त्याने घेतले नाहीत. मग एका जुन्या लोखंडी कपाटाचे दार उघडून दाखवले. आत रॉडचे पुडे होते आणि खालच्या खणात एक पिवळा बल्ब जळत होता. "त्या वर्षापासून करतोय. बारा महिने चालू ठेवतो."

दुकानातली मागची भिंत मी गिलावा काढून दुरुस्त करून घेतली. रॉड आता दाराजवळ, जमिनीपासून हातभर उंच अशा कपाटात असतात. आत बल्ब आहे. तो दिवसरात्र कशाला जाळायचा, असे आईने एकदा विचारले. सगळी हकिकत सांगितली तेव्हा ती काही बोलली नाही. तिवईवर घागर ठेवून तिने ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली.