मुळशीच्या जलाशयाकाठी जाण्याचा बेत

सुट्टीचे दिवस जवळ आले म्हणजे एकत्र कुटुंबात "यंदा कोठे जावयाचे?" हा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. मुलांस काश्मीरची सरोवरे पाहावयाची असतात, वडीलधाऱ्यांस एखादे क्षेत्र करावयाचे असते, आणि घरातील बायकांची इच्छा एवढीच असते की चार दिवस चूल दृष्टीआड व्हावी. या साऱ्यांचा मेळ घालता घालता सुट्टी संपून जाते, असा अनुभव पुष्कळ घरांत असेल. आमच्या खडकीच्या घरी यंदा हा वाद लवकर मिटला. मार्गशीर्षात मुळशीच्या जलाशयापलीकडील डोंगराळ गावांत तीन दिवस जाऊन राहावे, असे ठरले आहे. या बेतामागील विचार आणि त्याची तयारी वाचकांपुढे मांडावी, म्हणजे ज्यांस असे काही करावयाचे असेल त्यांस उपयोग होईल, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

मुळशीच का, असे कोणी विचारील. खडकीकरांस याचे उत्तर फार दूर शोधावयास नको. आमच्या गावास वळसा घालून वाहणारी मुळा नदी त्याच डोंगरांतून येते. औंध मागे टाकून ती दापोडीस पवनेस भेटते, खडकीस होळकर पुलाखालून जाते, आणि पुढे संगमावर मुठेस मिळते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली ती याच नदीच्या परिसरात, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे. परंतु आजच्या मुलांस ही नदी कशी दिसते? जलपर्णीने झाकलेली, काळवंडलेली, पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावावयास लावणारी. पावसाळ्यात मात्र "मुळशीतून पाणी सोडले" अशी बातमी येते आणि काठची वस्ती सामान आवरू लागते. आपल्या दाराशी वाहणारी नदी मुलांनी केवळ दुर्गंधी आणि पूर या दोनच रूपांनी ओळखावी, ही गोष्ट आम्हांस बरी वाटेना. नदी वरच्या अंगाला कशी आहे, आणि तिच्या काठी कोण राहते, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे, हा या बेताचा पहिला हेतू होय.

मुळशीचा जलाशय हे निसर्गाने निर्माण केलेले सरोवर नव्हे. मुळा आणि नीळा या दोन नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून टाटांच्या कंपनीने तो निर्माण केला. या धरणाचे एक वैशिष्ट्य मुलांस नकाशा पुढे ठेवूनच समजावून सांगावे लागते. मुळेचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे जावयाचे. मुठेस, मग भीमेस, मग कृष्णेस मिळून ते बंगालच्या उपसागरास पोहोचावयाचे. धरणाने त्यातील मोठा भाग उलट फिरविला. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस नेऊन सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिरा येथे सोडले आहे. तेथे त्यावर वीज तयार होते आणि मग ते कुंडलिका नदीवाटे अरबी समुद्रास मिळते. खोपोलीचे वीजघर १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली सुरू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. एका नदीचे पाणी दोन समुद्रांस वाटून देण्याचा हा पराक्रम स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने थोर आहे, यात संशय नाही.

परंतु त्या पाण्याखाली काय गेले, हे सांगितल्यावाचून नुसती पराक्रमाची गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांवर या धरणाने संकट आणले. ती भाताची उत्तम जमीन होती आणि ती कसणारे मावळे पिढ्यान्पिढ्या तेथे राहत होते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी होते. बापटांस "सेनापती" ही पदवी याच लढ्याने दिली. काही महिने काम थांबले, मग पुन्हा सुरू झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. पुरुषांबरोबर स्त्रियाही त्यात उतरल्या. १९२४ साली धरणाच्या कामाची आगगाडी अडविल्याबद्दल बापटांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. धरण पुरे झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिताना त्यास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे.

या इतिहासातील एक भाग आपल्यासारख्या घरांनी विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगा आहे. त्या खोऱ्यातील पुष्कळशा जमिनींची मालकी कागदोपत्री पुण्याच्या ब्राह्मण सावकारांकडे गेलेली होती. लढ्याचे पुढारीही बहुतेक पुण्याचे, आणि सावकारही पुण्याचे! सावकारांस धरण थांबावे असे वाटत नव्हते. जमिनीचा मोबदला चांगला मिळावा एवढेच त्यांस हवे होते. ज्यास जमीन म्हणजे व्याजाची रक्कम होती त्यास मोबदल्याने समाधान झाले. ज्यास ती जमीन म्हणजे घर, देव आणि पोटाची भाकर होती त्यास कोणत्या मोबदल्याने समाधान व्हावे? आमच्या येथे हा विषय निघाला तेव्हा थोरले बंधू म्हणाले, "ज्याने त्याने आपल्या घरची जुनी दप्तरे काढून पाहावी, म्हणजे आपले घर कोणत्या बाजूस होते ते कळेल." हे बोलणे काहींस कडू लागले, पण सहलीस निघण्यापूर्वी ते बोलले गेले, हे बरेच झाले.

आता प्रत्यक्ष बेताकडे वळू. प्रथम प्रश्न ऋतूचा. आषाढ-श्रावणात ताम्हिणीचे धबधबे पाहावयास सारे पुणे लोटते. परंतु त्या भागात पाऊस अतोनात पडतो, दरडी कोसळतात, आणि मुलाबाळांस घेऊन डोंगरात राहण्याची ती वेळ नव्हे. पावसाळा संपताच जावे, तर आश्विन-कार्तिकात भाताची कापणी चालू असते. घरातील एकही हात तेव्हा रिकामा नसतो. अशा वेळी पाहुणा म्हणजे ओझेच. मार्गशीर्षात झोडणी-मळणी आटोपलेली असते, घरात नवा तांदूळ असतो, हवा थंड व स्वच्छ असते, आणि यजमानास आपल्याशी चार शब्द बोलण्यास सवड असते. म्हणून आम्ही मार्गशीर्ष निवडला. पाहुण्याने आपल्या सुट्टीपेक्षा यजमानाची सवड आधी पाहावी, हा नियम शहरात आपण पाळतोच. खेड्यात जाताना मात्र तो विसरतो.

दुसरा प्रश्न वाटेचा. सरळ वाट म्हणजे पिरंगुट, पौड यांवरून मुळशीस आणि पुढे ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता. धरण पुण्याहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे सकाळी निघून दुपारी परत येण्याइतके जवळ. पण या वाटेने जाणारा बहुधा धरणाच्या भिंतीपाशी छायाचित्र काढून परततो. आम्ही दुसरी वाट धरणार आहो. खडकीच्या स्टेशनवर लोकल गाडी धरून लोणावळ्यास जावयाचे, आणि तेथून एस. टी.ने भांबर्ड्यास. या बाजूस गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळा लोणावळ्याच्या स्थानकावर आधी विचारून घ्याव्या. भांबर्ड्यानजीक एकोल्याजवळ घनगड हा छोटा किल्ला आहे. तैलबैल्याच्या दोन अजस्र कातळभिंती याच बाजूस आहेत. तेथून सवाष्णी घाट आणि वाघजाई घाट या जुन्या पायवाटा कोकणात उतरतात. खाली सुधागड आणि त्यापलीकडे बल्लाळेश्वराची पाली, हे सांगताच आमच्या मातोश्रींचे अर्धे समाधान झाले. प्रत्यक्ष दर्शन नसले तरी देवाच्या गावाच्या दिशेस हात जोडता येतील!

भांबर्ड्याहून दक्षिणेस वडुस्ते, पिंपरी, निवे या गावांवरून रस्ता ताम्हिणीकडे येतो. वाटेत जलाशयाची पसरलेली बोटे डाव्या हातास दिसत राहतात. वडुस्त्याजवळचा कैलासगड त्यांवर पहारा करीत उभा आहे. पिंपरीच्या कड्यावरून कुंडलिकेचे खोल खोरे दिसते, आणि अंधारबनाच्या दाट रानातून भिऱ्याकडे उतरणारी वाटही तेथूनच निघते. एकीकडे अडविलेले पाणी आणि दुसरीकडे ते ज्या खोऱ्यात सोडले ते खोरे, अशी दोन्ही चित्रे एकाच दिवशी मुलांस दाखविता येतील. शेवटी ताम्हिणीस विंझाई देवीचे दर्शन घेऊन पौडमार्गे घरी परतावयाचे. या उलट्या वाटेसाठी भाड्याची जीप आधीच ठरवावी.

तिसरा प्रश्न मुक्कामाचा आणि जेवणाचा, आणि आपल्या घरांत खरी अडचण येथेच येते. जलाशयाकाठी श्रीमंती विश्रामगृहे आता पुष्कळ झाली आहेत. परंतु तेथे राहून गाव दिसत नाही. गावातील एखाद्या कुटुंबाकडे शाळेच्या शिक्षकांमार्फत किंवा ग्रामपंचायतीमार्फत आधी निरोप पाठवून सोय करावी. किती माणसे, किती दिवस, काय खातो आणि काय खात नाही, हे स्पष्ट कळवावे. आपण शाकाहारी असलो तर तसे आधी सांगणे हा शिष्टाचार आहे; पानावर बसून नाक मुरडणे हा नव्हे. नाचणीची भाकरी, भात, कुळिथाचे पिठले आणि चटणी यांवर तीन दिवस सुखाने काढता येतात. जेवणाचा व राहण्याचा मोबदला आधी ठरवून, सुट्ट्या नोटांत, घरच्या बाईच्या हाती द्यावा. "पाहुणे म्हणून आलो" असे म्हणून फुकट जेवणे आणि निघताना मुलांच्या हातावर खाऊ ठेवणे, यात औदार्य नाही.

पाण्याविषयी एक सूचना. "धरण उशाला, कोरड घशाला" ही म्हण आपल्याकडे उगीच पडली नाही. धरणाकाठच्या वाड्यांस उन्हाळ्यात पाण्याची वाण पडते, आणि हंडा डोक्यावर बाईसच आणावा लागतो. तेव्हा शहरातल्यासारखी दोन-दोन बादल्यांची स्नाने तेथे करू नयेत. मुलांस जलाशयात पोहू देऊ नये. काठ निसरडा असून पाणी एकाएकी खोल होते. विजेरी, औषधांची पेटी, ऊबदार पांघरूण आणि पायांत बंद जोडे असावे. दूरध्वनीचा संपर्क सर्वत्र मिळेल असे धरून चालू नये. नेलेला कागद आणि प्लॅस्टिक परत आणावे.

शेवटची तयारी सर्वांत महत्त्वाची, आणि तिला पैसा लागत नाही. निघण्यापूर्वी रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास मुलांस सह्याद्रीचा नकाशा, नदीचा मार्ग आणि सत्याग्रहाची हकीकत सांगावयाची, असा क्रम आम्ही धरला आहे. सत्याग्रहास २०२१ साली शंभर वर्षे झाली. तरी त्या भागातील लोक आपल्या घरांच्या व जमिनींच्या हक्कांविषयी अजून मागणी करीतच आहेत. ज्याच्या घरी आपण जेवणार, त्याच्या आजा-पणजाचे शेत समोरच्या निळ्या पाण्याखाली असू शकेल. हे ठाऊक असलेला मुलगा त्या पाण्याकडे पाहून "किती सुंदर!" असे म्हणेलच, आणि म्हणावेही, पण यजमानापुढे म्हणताना तो क्षणभर थांबेल. तेवढे थांबणे त्यास शिकविता आले, तर प्रवासाचे निम्मे काम घरीच झाले असे समजावे.

कामाची वाटणी झाली आहे. थोरले बंधू गावाशी निरोपानिरोपी करणार आहेत. वहिनींनी शिधा आणि औषधांची यादी केली आहे. मुलांकडे नकाशा आहे. यजमानांस विचारावयाचे प्रश्न मात्र मातोश्रींनी आपल्याकडे ठेवले आहेत, आणि त्यांतील पहिला प्रश्न असा आहे : "तुमचे जुने गाव कोणते?"