चिलिकाचे तोंड आणि आपला बांध

वाचकहो, सोलापूरसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रकाठच्या सरोवरावर लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. शुक्रवार पेठेत राहणाऱ्या आम्हा लोकांचे निम्मे आयुष्य नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात गेले. समुद्राशी आमचा काय संबंध? पण शेतीखात्यात उभी हयात घालवताना मला एक प्रश्न गावोगाव ऐकावा लागला. "साहेब, बांध फुटला, माती गेली, गेली तर गेली, ती जाऊन जाऊन जाणार कुठं?" या प्रश्नाचे उत्तर देणारी एक खरी हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

ओरिसाच्या, म्हणजे आताच्या ओडिशाच्या, किनाऱ्यावर चिलिका नावाचे सरोवर आहे. पावसाळ्यात ते हजार चौरस किलोमीटरांच्या वर पसरते. एका बाजूने महानदीच्या दया, भार्गवी या शाखा आणि डोंगरातले लहानमोठे ओढे त्यात गोडे पाणी आणतात. दुसऱ्या बाजूने भरतीचे खारे पाणी आत येते. दोन्ही मिसळून पाणी मचूळ होते, आणि या मचूळ पाण्यातच मासळी, कोळंबी, खेकडे वाढतात. काठच्या सव्वाशेहून अधिक गावांतील सुमारे दोन लाख कोळी बांधवांची चूल त्यावर पेटते. १९८१ साली आपल्या देशाने ज्या दोन पाणथळ जागा प्रथम रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत घातल्या, त्यांत भरतपूरचे केवलादेव आणि दुसरे हे चिलिका.

असे हे सोन्यासारखे सरोवर हळूहळू आजारी पडले. वरच्या डोंगरावरची झाडी तुटली, उतारावरची जमीन उघडी पडली आणि दर पावसाळ्यात गाळ खाली येऊ लागला. इकडे समुद्राच्या लाटा किनाऱ्याने वाळू सरकवीत होत्या. त्यामुळे सरोवराचे तोंड लांब लांब सरकत गेले आणि समुद्राला मिळणारी वाट गाळाने व वाळूने बुजत चालली. खारे पाणी आत येईना, पुराचे पाणी लवकर बाहेर पडेना. पाणी गोडे होत गेले आणि गोड्या पाण्यातले तण माजले. समुद्रातून आत येणारी कोळंबीची व मासळीची पिले वाटेतच अडकली. १९८५-८६ मध्ये आठ हजार टनांहून अधिक असलेले मासळीचे उत्पन्न १९९८-९९ मध्ये जेमतेम १,७०० टनांवर आले. १९९३ साली चिलिकाचे नाव धोक्यात आलेल्या पाणथळ जागांच्या नोंदवहीत चढले.

उत्पन्न घटले की भांडणे वाढतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. विहिरीचे पाणी आटले की भाऊ भावाला ओळखत नाही. तिथेही तसेच झाले. पैसेवाल्यांनी पाण्यात जाळ्यांची कुंपणे घालून कोळंबी वाढवायला सुरुवात केली आणि पिढीजात कोळ्यांची जागा आक्रसली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चिलिकाकाठच्या अशा कोळंबीपालनावर बंदी घातली, तरी कुंपणे हटेनात. १९९९ च्या मे महिन्यात सोराणा गावी तंटा विकोपाला जाऊन पोलिसांचा गोळीबार झाला आणि चार जणांचे प्राण गेले. वरच्या उतारावरची माती सुटते, तिचा हिशेब कधी कधी असा रक्ताने चुकवावा लागतो.

आता उपायाकडे वळू. १९९१ साली ओडिशा सरकारने चिलिका विकास प्राधिकरण स्थापन केले. सरोवराचे दुखणे एकट्या खात्याला कळणारे नव्हते. मासळीचा जाणकार मासळी पाहतो, पाटबंधाऱ्याचा इंजिनियर पाणी पाहतो, वनखात्याचा माणूस झाडे पाहतो. सरोवराला मात्र हे सगळे एकाच वेळी लागते. म्हणून निरनिराळ्या संस्थांचे शास्त्रज्ञ कामाला लागले. यात आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून चालत आलेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि गोव्यात दोनापावला येथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, या दोघांनी या कामी मोठा वाटा उचलला. भरती-ओहोटी, प्रवाह, वाळूची हालचाल यांची मोजमापे घेऊन पाणी कसे वाहील याचे गणित मांडले आणि नवे तोंड कोठे पाडावे ते सांगितले. चिलिकाच्या दुखण्याची नाडी खडकवासल्याला पाहिली गेली म्हणाना!

२३ सप्टेंबर २००० रोजी ते नवे तोंड खोदून मोकळे केले. समुद्राकडची वाट १८ किलोमीटरांनी कमी झाली. खारे पाणी परत आत आले, तण हटू लागले, पिलांना रस्ता मिळाला. २००१-०२ मध्ये मासळीचे उत्पन्न जवळपास १२ हजार टनांवर गेले. २००२ साली चिलिकाचे नाव त्या धोक्याच्या नोंदवहीतून निघाले. आशियात असे नाव निघालेले ते पहिलेच. त्याच साली रामसरचा पुरस्कारही मिळाला.

वाचकहो, ही हकीकत सांगणारे पुष्कळ लोक येथेच थांबतात. आपल्या कामाची गोष्ट तर पुढेच आहे. तोंड खोदले आणि दुखणे गेले, असे त्या मंडळींनी मानले नाही. गाळ वरून येतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणून सरोवराला मिळणाऱ्या ओढ्यांच्या उगमाकडच्या गावांत जाऊन, गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोटाची कामे हाती घेतली. समुद्र अजूनही वाळू हलवतोच; २०१९ च्या फनी वादळाने तर आणखी तोंडे पाडली. म्हणून मोजमाप थांबवून चालत नाही. तोंड एका दिवसात उघडता येते, माती मात्र पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवावी लागते.

आता आपल्या भीमेकडे पाहा. उजनीचे धरण ११७ टीएमसीचे. त्यात वरून गाळ येतो, पुण्याकडचे सांडपाणी येते आणि काठच्या उसाला घातलेल्या खताचा न लागलेला भागही येतो. पाणी हिरवे होते, जलपर्णी माजते, भिगवणच्या कोळ्याच्या जाळ्यावर त्याचा परिणाम होतो. तेच पाणी सोलापूरकर पितात. पुढे भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. चिलिकाचा समुद्रही तोच. तुमच्या रानातून निघालेली माती जाऊन जाऊन कुठे जाते, याचे उत्तर हे असे आहे. ती आधी खालच्या माणसाच्या पाण्यात जाते, मग त्याच्या ताटात जाते.

पावसाबरोबर रानातली माती किती वाहते, याची मोजमापे सोलापुरातच, १९३३ पासून चालू असलेल्या कोरडवाहू संशोधन केंद्रात झाली आहेत. शास्त्र आपल्या दाराशी आहे. गरज आहे ती त्याला हात देण्याची. पेरणी उताराला आडवी करा. फुटलेला बांध पहिल्या पावसाआधी घाला. माती परीक्षण केल्याशिवाय उसाला खताची पोती ओतू नका. ओढ्याकाठची झाडे तोडू नका. तलावातला गाळ काढून रानात टाकण्याची सरकारी योजना २०१७ साली सुरू झाली. तिचा लाभ अवश्य घ्या. मात्र गाळ काढणे म्हणजे गेलेली माती भाडे भरून परत आणणे, हेही लक्षात असू द्या. न जाऊ देणे केव्हाही स्वस्त.

आणि शेवटचे. गावच्या तलावाचे, ओढ्याचे पाणी तपासायला कोणी आले, तर त्याला तुमच्या आठवणीही सांगा. कोणत्या साली पाणी कुठवर चढले, कोणता मासा दिसेनासा झाला, विहीर कधी मचूळ झाली, हे कागदावर सापडत नाही. ते काठच्या माणसालाच माहीत असते. शास्त्रज्ञाचे यंत्र आणि म्हाताऱ्या माणसाची आठवण एका बैठकीत बसली, तरच तलावाचे खरे दुखणे कळते. बैठक भरवायला मुंबई-पुण्याला जाण्याची गरज नाही, गावची चावडी पुरते.