पावशाची ओळख
पावशा दिसण्याआधी ऐकू येतो. वळवाच्या दिवसांत पानगळीच्या रानात ‘पेरते व्हा’ ही साद सुरू होते. दर आवर्तनाला पट्टी चढते, टिपेला पोचून आवाज एकदम तुटतो आणि पुन्हा खालच्या सुरापासून सुरुवात होते. चांदण्या रात्रीही हे चालूच. पक्षी मात्र दाट पानांत निश्चल बसलेला. राखाडी पाठ, शेपटीवरचे आडवे पट्टे आणि उडण्याची ढब इतकी शिक्र्यासारखी, की लहान पाखरे घाबरून कालवा करतात. खात्रीसाठी चोच पाहावी: शिक्र्याची आकडेदार, पावशाची जवळजवळ सरळ. डोळ्याभोवती पिवळे कडे असते. हिवाळ्यात तो बहुधा गप्पच, तेव्हा ओळखणे खरोखर अवघड. त्यातून सातभाईंच्या घरट्यात वाढलेल्या त्याच्या पिल्लाच्या पोटावर पट्ट्यांऐवजी तपकिरी ठिपके असतात.