मैदान कोणाचे?

क्रांती चौकात सायंकाळी सात वाजता उभे राहून विचार करणे हे धाडसाचे काम आहे. जालना रस्त्याने वाहनांचा लोंढा येत असतो, रिक्षावाले हाका देत असतात, आणि २०२२ साली उंच चौथऱ्यावर नव्याने उभारलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा या साऱ्या गलबल्याकडे शांतपणे पाहत असतो. तरीही आम्ही तेथे थांबतो. चौकापासून थोड्या अंतरावर अंडाभुर्जीची एक गाडी लागते, आणि डॉक्टरांनी घातलेली बंदी आम्ही आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, मोडतो. (हे आमच्या कुटुंबाने वाचू नये अशी इच्छा आहे, पण प्रस्तुत त्रैमासिक घरी प्रथम तिच्याच हाती पडते.)

गाडीवाल्याचा मुलगा शाळा सुटली की बापाला हातभार लावतो. परवा त्याच्या अंगात आकाशी रंगाची जर्सी होती आणि छातीवर अबूधाबीच्या विमान कंपनीचे नाव होते.

“हा कोणाचा संघ रे?” आम्ही विचारले.

“मँचेस्टर सिटी, अंकल.”

“मँचेस्टर इंग्लंडात. मग मध्येच अबूधाबी कुठून आले?”

“मालक तिकडचे आहेत ना!” कांदा चिरता चिरता तो इतक्या सहजपणे म्हणाला, की आमचेच अज्ञान उघडे पडावे.

त्या मुलाला जे सहज वाटते, ते एके काळी इंग्लंडात कोणालाही वाटले नसते. तेथले जुने क्लब गिरणीच्या आवारात, रेल्वेच्या कारखान्यात, चर्चच्या पडवीत जन्माला आले. मँचेस्टर सिटीचे मूळ १८८० साली सेंट मार्क्स या चर्चच्या पोरांनी काढलेल्या संघात आहे, हे आपल्या धर्मग्रामातील तरुणांना ऐकून बरे वाटेल. पुढे खेळात पैसा आला आणि पैशामागोमाग पैसेवाले आले. २००३ साली रशियाच्या रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी घेतला. २००५ साली अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड घेतला, तोही मोठे कर्ज काढून, आणि त्यातील बराच बोजा क्लबच्याच माथी बसला. २००८ साली अबूधाबीचे शेख मन्सूर आले. २०२१ साली सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने न्यूकॅसल घेतला.

आम्ही त्या मुलाला एक गोष्ट मात्र सांगितली नाही. त्याच्या बापाच्या गाडीवर रचलेल्या अंड्यांच्या ट्रेचेही एका इंग्रजी क्लबाशी दूरचे नाते आहे.

डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी काढली. पुढे ती पुण्याची झाली. गावोगावच्या कोंबडीपालकांना व्यापारी नाडतात हे पाहून त्यांनी पुढाकार घेतला आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. संडे-मंडेची ती हिंदी जाहिरात याच समितीची. अंड्याचा रोजचा भावही हीच समिती जाहीर करते, आणि आमचा गाडीवाला सकाळी प्रथम तो विचारतो. डॉ. राव १९९६ साली निवर्तले. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी यांनी पसारा वाढविला, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये या कुटुंबाने २ कोटी ३० लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर, ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबाची मालकी भारतीय कंपनीकडे येण्याची ती पहिलीच वेळ.

त्या दिवशीचा आमचा आनंद आम्हांला लख्ख आठवतो. वर्तमानपत्र काखेत मारून आम्ही याच चौकात आलो होतो. १८५७ साली इंग्रज अधिकाऱ्यांविरुद्ध उठलेल्या घोडदळाच्या शिपायांना येथील काळ्या चबुतऱ्यापाशी देहदंड दिला गेला, असे हे शहर सांगत आले आहे. चौकाचे नावही त्याच स्मृतीतले. त्या जागी उभे राहून आम्ही मित्राला म्हणालो, “घ्या! आता साहेबाचा क्लब आपल्या पुण्याच्या खिशात!” मित्राने चहा पाजला. ब्लॅकबर्न नकाशात कोठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

ते लँकेशायरमध्ये आहे, आणि आपल्याशी त्याची ओळख फार जुनी आहे. तेथल्या मागांवर हिंदुस्थानासाठी धोतरे विणली जात. आमच्या पणजोबांच्या अंगावरचे धोतर कदाचित ब्लॅकबर्नच्याच एखाद्या विणकराच्या हातचे असेल; त्या विणकराला पणजोबा ठाऊक नव्हते आणि पणजोबांना तो. पुढे स्वदेशीच्या चळवळीत विलायती कापडावर बहिष्कार पडला आणि तेथले माग थंडावले. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गावी जाऊन त्या बेकार विणकरांना भेटले, आणि ज्यांची भाकरी गेली होती त्यांनीच त्यांचे प्रेमाने स्वागत केले. माग बंद पडत गेले तरी त्या गावाजवळ एक गोष्ट उरली होती, ती म्हणजे क्लब. १८७५ साली स्थापन झालेला, १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. गावचाच जॅक वॉकर नावाचा पोलादाचा व्यापारी गडगंज झाला, १९९१ साली त्याने तो ताब्यात घेतला, मुक्तहस्ते पैसा ओतला, आणि १९९५ साली क्लब प्रीमियर लीगचा विजेता ठरला. १९१४ नंतरचे ते पहिले अजिंक्यपद! म्हणजे धनिक मालक या लोकांना नवा नव्हता. तो स्वतः त्या गावच्या गर्दीत वाढलेला होता, इतकेच. २००० साली तो वारला. पुढे त्याच्या न्यासाने क्लब विकला तो आमच्या पुणेकरांना.

त्यानंतरची हकिगत क्लेशकारक आहे. महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलर्डाइस यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले आणि त्यांच्याविरुद्ध प्रेक्षकांचे मोर्चे निघू लागले. एका जाहिरातीत खेळाडू पोशाखघरात बसून कंपनीच्या कोंबडीवर ताव मारताना दाखविले होते. ती पाहून जग हसले. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या रंगाचे वस्त्र पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्याच सामन्यात हार झाली आणि क्लब वरच्या श्रेणीतून घसरला. पुढच्या हंगामात प्रशिक्षक इतक्या झपाट्याने बदलले की एकाला सत्तावन्न दिवस मिळाले, दुसऱ्याला सदुसष्ट. २०१७ साली क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या कोणत्याही क्लबावर ही वेळ त्यापूर्वी आली नव्हती. वर्षभरात तो दुसऱ्या श्रेणीत परतला, एवढाच दिलासा.

आम्ही हे सारे बातमी म्हणून वाचत होतो. ते अंगाला लागले ते भाचीमुळे. ती लँकेशायरमधील एका रुग्णालयात परिचारिका आहे. एकदा फोनवर म्हणाली, “मामा, आमच्या वॉर्डात एक म्हातारबाबा आहेत. जुने विणकर. मी महाराष्ट्रातली, पुण्यापासून पाच-सहा तासांवरची, असे सांगितले आणि ते गप्पच झाले. मला वाटले, आपण काही चुकीचे बोललो.”

“मग?”

“मग दुसऱ्या दिवशी मला जवळ बोलावून त्यांनी एकच विचारले. ‘पोरी, तुझ्या त्या गावाकडची माणसं शनिवारी आमच्या सामन्याचा निकाल तरी बघतात का?’ मी काय सांगणार, मामा?”

बाबांचे आजोबा, वडील आणि ते स्वतः, सारे इवुड पार्कच्या एकाच बाजूला उभे राहत आले होते. मालक मैदानावर फिरकेनासे झाले तसे बाबांनी हंगामाचे तिकीट घेणे सोडले; पण सामन्याच्या दिवशी ते दाराबाहेरच्या रस्त्यावर जाऊन उभे राहत, आतला आवाज ऐकण्यासाठी. “तिकीट घेतले तर पैसा मालकाला जातो,” ते भाचीला म्हणाले होते, “आणि नाही घेतले तर पोरांना वाटेल, म्हातारा विसरला.”

हे ऐकले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. आमच्या मनात लँकेशायर नव्हते, तेव्हाचे औरंगाबाद होते. १९७८ च्या सुमारास आमच्या धर्मग्रामातील मुलांचा एक संघ होता. रविवारची मिस्सा आटोपली की सामना. आठ आणे वर्गणी. चेंडू फाटला तर चांभाराकडे. गोलाचे खांब म्हणजे दोन दगड. आमचा गोलरक्षक एका हमालाचा मुलगा होता. अनवाणी खेळे, आणि चेंडूवर अशी झेप घेई की आम्हा बचावफळीवाल्यांना काही कामच उरत नसे. मग एक सधन गृहस्थ आमच्यावर प्रसन्न झाले. त्यांनी अकरा जोड बूट दिले, जर्सी दिल्या. जर्सीवर त्यांच्या दुकानाचे नाव होते, त्याचे आम्हांला कौतुकच वाटले. महिन्याभराने निरोप आला की गोलात त्यांचा पुतण्या उभा राहील.

आम्ही कोणीही काही बोललो नाही. बूट नवे होते.

तो गोलरक्षक पुढचे दोन रविवार मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला. मग तो यायचा थांबला. मिस्सेलाही तो पुढे दुसऱ्या वेळेला जाऊ लागला, आमची गाठ पडू नये म्हणून. दोन पावसाळ्यांनंतर त्या गृहस्थांचा उत्साह ओसरला आणि संघ मोडला. आमच्या आईने त्या जर्सीचे पोतेरे केले; दुकानाचे नाव बरेच दिवस फरशीवर फिरत होते.

पुण्याच्या मालकांचा न्याय करण्यास आम्ही बसलेलो नाही. त्यांनी वर्षानुवर्षे तोटा सोसून त्या क्लबात पैसा घातला, हे त्यांचे कडवे टीकाकारही मान्य करतात. तो हात आखडला असता तर क्लब बुडालाही असता. २०२३ मध्ये त्यांना इंग्लंडला पैसा पाठविण्यासाठी दिल्लीच्या उच्च न्यायालयाकडे परवानगी मागावी लागली. एका विणकर गावाच्या शनिवारचे भवितव्य दिल्लीतील तारखेवर लोंबकळावे, हे जॅक वॉकरच्या स्वप्नातही आले नसेल. जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून एक अधिक मत सभासदांच्याच हाती ठेवण्याचा दंडक आहे. इंग्लंडनेही २०२५ साली कायदा करून फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद केली. हे व्हायला हवेच होते. तथापि शनिवारी निकाल पाहावासा वाटावा, अशी सक्ती कोणत्या कलमाने करता येईल? आणि आम्हांला तरी विचारण्याचा काय अधिकार? २०१० साली चौकात मिरवणाऱ्या आम्ही पुढच्या शनिवारी निकाल पाहिला नव्हता.

गेल्या शनिवारी गाडीवर गेलो तेव्हा त्या मुलाकडे फोन मागितला. “ब्लॅकबर्नचे काय झाले, बघ जरा.”

“कोण ब्लॅकबर्न, अंकल?”

“अरे, रोव्हर्स. पुण्याच्या लोकांचा क्लब आहे.”

त्याने बापाकडे पाहिले. बापाने आमच्याकडे पाहिले आणि तव्यावर अंडे फोडले. मुलगा बराच वेळ बोटाने खालीवर करीत राहिला. “अजून सुरू आहे,” तो अखेर म्हणाला. “शून्य-शून्य.”

आम्ही भुर्जी खाऊन झाल्यावरही थांबलो. घरी उशीर झाला. कारण विचारले गेले. आम्ही सामना असे सांगितले, आणि त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही.