कळपाबाहेरचं विशेषण

वकिलांच्या ऑफिसात माझं टेबल दाराजवळ आहे. त्यामुळे पक्षकार माझ्यापाशी दोनदा थांबतात. आत जाताना ‘साहेब आहेत का’ हे विचारायला, आणि बाहेर पडताना ‘साहेब काय म्हणाले’ हे विचारायला. कोर्टाच्या कागदांचं इंग्रजीचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. या दुसऱ्या थांब्यावर मी जेवढं शिकलो, तेवढं कोशांनी शिकवलं नाही.

पाइपलाइनची कामं घेणारे एक कंत्राटदार असेच थांबले. हातातला कागद टेबलावर पसरून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. “हे काय आहे हो? आपला सगळा अर्ज ह्याच्यावर अडलाय म्हणे.”

शब्द होता ‘इग्रीजस’.

त्यांची अडचण बँक गॅरंटीची होती. काम देणाऱ्यानं गॅरंटी वटवायला काढली होती आणि यांना बँकेचा हात थांबवायचा होता. कायदा इथे फार कडक आहे. बिनशर्त गॅरंटी म्हणजे मागितली की द्यायची. कंत्राटात कोण चुकलं, हे भांडण बँकेच्या खिडकीवर आणायचं नाही. कोर्ट स्थगिती देतं ते मुख्यतः दोनच कारणांनी. एक, कधीच भरून न येणारं नुकसान; आणि दुसरं, फसवणूक, पण कसलीही नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1987 साली यू.पी. कोऑपरेटिव्ह फेडरेशन विरुद्ध सिंग कन्सल्टंट्स या खटल्यात सांगितलं, की फसवणूक ‘इग्रीजस’ स्वरूपाची हवी, मूळ व्यवहारच नासवणारी. तेव्हापासून बँक गॅरंटीच्या निकालांमध्ये हे विशेषण ठाण मांडून आहे. कोट्यवधी रुपये द्यायचे की अडवायचे, हे एका विशेषणावर ठरतं.

मी सवयीनं म्हणालो, “घोर. घोर फसवणूक.”

ते क्षणभर थांबले. “म्हणजे साधी फसवणूक चालत नाही? पट्टीची पाहिजे?”

मी त्या दिवशी घरी गेलो तो ‘पट्टीची’ हा शब्द घेऊनच. पट्टीचा पोहणारा, पट्टीचा गाणारा, असं आपण कौतुकानं म्हणतो. त्या गृहस्थांनी तोच शब्द फसवणुकीला लावला आणि नकळत ‘इग्रीजस’चा चारशे-साडेचारशे वर्षांचा प्रवास एका वाक्यात करून दाखवला.

या शब्दाचं मूळ मेंढरांत आहे. लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. ‘एग्रेगिउस’ म्हणजे कळपातून निवडून वेगळा काढलेला, अर्थात सगळ्यांत उजवा. याच कळपातली भावंडं आपल्याकडे रोज भेटतात. मार्कांचा ‘ॲग्रिगेट’ हा एकत्र केलेला कळप. बांधकामावरची खडीही ‘ॲग्रिगेट’च. ‘सेग्रिगेशन’ म्हणजे कळपातून वेगळं काढणं, तर ‘ग्रिगेरिअस’ म्हणजे माणसांत रमणारा. रोमन साम्राज्यात ‘विर एग्रेगिउस’ ही चक्क सरकारी पदवी होती. ‘अश्ववर्ग’ नावाच्या मानाच्या वर्गातून आलेल्या, सम्राटाच्या खात्यांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या नावाला ती लागे, आणि शिलालेखांत तिची दोन आद्याक्षरं कोरलेली सापडतात. तिच्या वर ‘पेर्फेक्टिस्सिमुस’ आणि त्याच्याही वर ‘एमिनेन्टिस्सिमुस’. आपल्याकडच्या रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर अशा चढत्या पायऱ्या आठवाव्यात.

इटालियन भाषेनं या शब्दाचा मान अजून राखला आहे. तिथे औपचारिक पत्राची सुरुवात ‘एग्रेजो सिन्योरे’ अशी होते. आपल्या ‘माननीय महोदय’ची जागा. पोर्तुगीजमध्ये वकील न्यायालयाला ‘एग्रेजिउ’ म्हणून आदर दाखवतात. आता गंमत पाहा. हेच विशेषण इंग्रजीतल्या आजच्या अर्थानं एखाद्या खंडपीठाला लावलं, तर लावणाऱ्यावर अवमानाची नोटीस निघेल.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो सभ्य कपड्यांतच. ख्रिस्तोफर मार्लोच्या 1590 साली छापलेल्या ‘तँबरलेन’च्या दुसऱ्या भागात एक राजा आपल्या मांडलिकांना याच विशेषणानं आदरानं संबोधतो. शेक्सपिअरपर्यंत पोचता पोचता पाय घसरायला लागलेला दिसतो. 1599च्या सुमाराच्या ‘पाचवा हेन्री’मध्ये पिस्टल नावाचा बढाईखोर शिपाई फ्रेंच कैद्याकडे ‘इग्रीजस’ खंडणी मागतो. इथे अर्थ चांगला नाही की वाईट नाही; नुसता दणदणीत. त्यानंतर दहाएक वर्षांनी, ‘सिंबेलीन’मध्ये, पोस्थ्युमस पश्चात्तापानं होरपळून स्वतःलाच ‘इग्रीजस’ खुनी म्हणतो. मोठा, मग फार मोठा, मग भयंकर, असा हा उतार आहे. 1755च्या कोशात सॅम्युअल जॉन्सननं दोन्ही अर्थ नोंदवले, पण वाईट अर्थ हाच रूढ असल्याचा शेराही मारला. पुढे चांगला अर्थ कोशातच उरला.

एवढा मानाचा शब्द घसरला कशानं? कोशकार उपरोधाकडे बोट दाखवतात. इंग्रजांनी तो टोमणा म्हणून इतका वापरला, की पुढच्या पिढीला टोमणा हाच मूळ अर्थ वाटला.

उपरोध मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मुलानं नव्या गाडीला पोचा पाडला की आई म्हणते, “या, काय प्रताप करून आलात?” ‘पराक्रम’, ‘दिवे लावले’, ‘मोठे शहाणे’, ‘महाभाग’, सगळी हीच जात. पण आपण एक सावधगिरी बाळगली. टोमणा आवाजात ठेवला, शब्दात मुरू दिला नाही. म्हणून ‘प्रताप’ अजून मुलाचं नाव म्हणून ठेवता येतं. आणि जिथे शब्द बिघडणारच होते, तिथे आपण वाटण्या करून टाकल्या: नामवंत गायक, नामांकित शाळा, नामी युक्ती आणि नामचीन गुंड. चौघांच्या पोटी ‘नाम’च, पण कुणी दुसऱ्याच्या अंगणात जात नाही.

अर्थात सगळेच शब्द आपल्याला राखता आले नाहीत. अशोकाच्या शिलालेखांत ‘देवानांप्रिय’ ही राजाची पदवी आहे. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीपर्यंत त्या समासाचा अर्थ ‘मूर्ख’ असा झाला. उलटीही उदाहरणं आहेत. स्मृतींमध्ये ‘साहस’ हा गुन्हा आहे, बळजबरी, मारहाण, लूट यांचं ते प्रकरण. आज आपण मुलांना साहसी शिबिरांना पाठवतो आणि वर फी भरतो.

मला मात्र जास्त विचार करायला लावतो तो कळप. लॅटिन माणसाला कळपाबाहेर काढलेलं जनावर निवडक वाटलं. आपल्याकडे कळपाबाहेर गेलेलं गुरू ते ‘चुकार’, आणि माणूस तसा निघाला की ‘कामचुकार’. बाहेर पडणं म्हणजे वाळीत पडणं, पंगतीतून उठणं. थोर माणसासाठी आपला शब्द ‘अग्रगण्य’, म्हणजे मोजताना पहिला येणारा; मोजदादीच्या आतलाच. म्हणून ‘इग्रीजस’ला एका शब्दाचा मराठी जोडीदार मिळेना, तेव्हा मला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

पण कोर्टाचा कागद आश्चर्यावर थांबत नाही. ‘घोर’ मध्ये भीषणता आली, पण मुख्य गोष्ट सुटली. न्यायालयाला ती फसवणूक नुसती मोठी नको आहे. ती चारचौघांतून उठून दिसायला हवी. साक्षीपुरावे, उलटतपासण्या व्हायच्या आधीच, अंतरिम अर्जावर ती नजरेत भरली पाहिजे. ‘ढळढळीत’ लिहून पाहिलं. पण मराठीत ढळढळीत असतं ते सत्य किंवा पुरावा. खोटं असतं ते ‘धडधडीत’. ‘राजरोस’ मध्ये निर्लज्जपणा आहे, गांभीर्य नाही. ‘अट्टल’ चोराला शोभतं, चोरीला नाही. शेवटी मी ‘उघडउघड दिसणारी घोर फसवणूक’ असं लिहिलं. एका शब्दाला तीन शब्द झाले. साहेबांनी काही न बोलता सही केली. मी ते कौतुक समजलो.

कंत्राटदारांचा अर्ज फेटाळला गेला. बिलं अडवणं, मापं कमी दाखवणं, कामाची व्याप्ती तोंडी वाढवणं, या त्यांच्या सगळ्या तक्रारी खऱ्या असतीलही, पण तो कंत्राटाचा वाद. वेगळा दावा लावा, असं उत्तर आलं. बँकेनं पैसे दिले. जाताना ते पुन्हा माझ्या टेबलाशी थांबले. आदेशाचं भाषांतर त्यांनी पूर्ण वाचलेलं होतं.

“म्हणजे आपल्याला फसवलं ते चारचौघांसारखंच,” ते म्हणाले. “वेगळं काही नाही.”

मी काय बोलणार? दोन हजार वर्षांपूर्वी मेंढरं निवडणाऱ्या माणसानं जे ठरवलं होतं, तेच न्यायालयानं ठरवलं होतं. ही फसवणूक कळपातलीच होती.